पूर्व स्टँडमधल्या माझ्या बाकाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने कुशनवाली, वय सत्तरीच्या पुढे, विधवा, राहणार मैदानामागच्या गल्लीत, दुकानावरच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तरी त्यांनी माझ्याकडून भरपूर कागदांवर सह्या घेतल्या, तेव्हा म्हटले, आपणही एक कागद करून ठेवावा. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिखाण मी कोणाच्या धाकाने, कोणाच्या गोड बोलण्याने किंवा कोणी धाडलेल्या फळांच्या करंडीला भुलून केलेले नाही. करंड्यांचा खुलासा पुढे येईल. याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळ केली, ती सगळी रद्द समजावीत.

मी सांगते आहे आणि वकीलबाई टाइप करत आहेत. मुद्द्याला धरून बोला, असे त्यांनी दोनदा बजावले आहे. मी प्रयत्न करते.

कलम १. दुकानावरच्या दोन्ही खोल्या माझ्या नावावर आहेत. त्या माझा मुलगा (यापुढे 'थोरला') आणि मुलगी (यापुढे 'धाकटी') यांना निम्म्या-निम्म्या. बँकेतली शिल्लकही तशीच. आकडा इथे लिहीत नाही, तो वाचून कोणाचा आनंद वाढेल असा नाही. स्वयंपाकघरातली खिडकी पावसाळ्यात फुगते आणि उघडत नाही. ज्याच्या वाट्याला ती खोली येईल त्याने आधी सुतार बोलवावा, मग पडद्यांचा विचार करावा. धाकटी नेमके उलट करते, म्हणून लिहिले.

कलम २. दुकानातले सामान, म्हणजे मोठे शिवणयंत्र, कात्र्या, दाभण, वाकड्या सुया, पट्टे ताणायचे लाकूड आणि चुका ठोकायची हातोडी, हे सर्व माझ्या बरोबरीने काम करणाऱ्या कारागीर बाईला. तिला मी शिकवले असे लोक म्हणतात. खरे म्हणजे स्प्रिंगा बांधायच्या तिनेच मला शिकवल्या, मी फक्त गिऱ्हाइकांशी भांडायला शिकवले. ती मला 'काकू' म्हणते आणि माझे ऐकत नाही. हातोडीचा दांडा बदलू नये, एवढे मात्र ऐकावे.

कलम ३. माझ्या वडिलांची थापी आणि ओळंबा माझ्या भावाला. इथे थोडी पार्श्वभूमी सांगावी लागते.

वडील गवंडी होते. मैदानाचा पूर्व स्टँड त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गवंडी-सुतारांनी उभा केला. काम संपत आले तेव्हा क्लबची तिजोरी रिकामी. मग तेव्हाच्या कमिटीने मजुरीच्या बदल्यात प्रत्येकाला स्टँडमधला एकेक बाक दिला आणि बाकामागे एकेक मत. नियम असा केला की बाकवाल्यांच्या बहुमताच्या सह्या झाल्याशिवाय त्या स्टँडची एक वीट हलणार नाही. बाक विकता येत नाही. जिवंतपणी क्लबला परत करता येतो, किंवा मेल्यावर मृत्युपत्राने रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातल्या एकाच माणसाला देता येतो. मृत्युपत्र नसेल तर बाक क्लबचा. पुढे कमिटीने क्लबच विकला आणि नवे मालक आले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे, परत आलेले बाक त्यांचे झाले.

वडिलांनी बाक मला दिला. भावाला वाटले होते, त्याला मिळेल. "मुलीला बाक? ती उद्या लग्न करून जाईल, बाक डोक्यावर घेऊन जाणार आहे का?" असे तो भर अंगणात म्हणाला होता. मी लग्न करून शेजारच्याच गल्लीत आले, आणि एकही सामना चुकवला नाही, बाळंतपणाचे दोन सोडून. भाऊ तेव्हापासून समोरच्या, पश्चिमेच्या स्टँडमध्ये बसतो. गोल झाला की आम्ही दोघे एकाच वेळी उठतो आणि एकमेकांकडे बघत नाही. थापी त्याची आहे. वडिलांचा हात त्याच्याकडेच आला, माझ्याकडे नाही, हे मी इथे कबूल करते. बाकाबद्दल मात्र वडिलांचे बरोबर होते.

कलम ४. ह्यांचा हिरवा मफलर धाकटीला. माझे यजमान जन्मभर पुलापलीकडच्या संघाचे. हा एक दोष सोडला तर माणूस सोन्यासारखा होता. ज्या दिवशी दोन्ही संघ समोरासमोर येत त्या दिवशी आमच्या घरात सकाळपासून कोणी कोणाशी बोलत नसे, आणि संध्याकाळी जो हरला असेल त्याला चहा आयता मिळे. धाकटीला फुटबॉल म्हणजे बावीस माणसांनी एका चेंडूपायी केलेली भांडणे वाटतात. म्हणून मफलर तिला. ती तो थंडीसाठीच वापरील, आणि ह्यांनाही तेच बरे वाटले असते.

कलम ५. मालक आणि मास्तर यांच्याविषयी. वकीलबाई म्हणतात, मतांची वाटणी मृत्युपत्रात करता येत नाही. वाटणी नको, नोंद तरी राहू द्या. त्यावाचून पुढचे कलम कोणाला कळणार नाही.

मी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या विरोधात नाही. खेळाडूलाही पोट आहे, वय आहे, वरचा संघ बोलावतो तेव्हा त्याने जावे. आमचा जुना गोलकीपर गेला तेव्हा आधी मास्तरांना भेटला, मग बाकांवर येऊन आम्हाला भेटला, आणि आम्ही त्याला स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. माझा राग विकण्यावर नाही, न विचारता विकण्यावर आहे. ज्याला स्वयंपाक करायचा आहे त्याला विचारून भाजी आणावी. आणि त्याने चिरायला घेतलेली भाजी त्याच्या पाठीमागे शेजाऱ्याला तर विकूच नये.

मास्तर म्हणजे आमच्या संघाचे मॅनेजर. पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांनी नव्या मालकांकडे एक लेफ्ट बॅक, म्हणजे डावी बाजू राखणारा, मागितला. मालकांनी पोस्टरवर चांगला दिसेल असा गोल मारणारा स्ट्रायकर आणला. नाव मोठे होते, पण गुडघे गेलेले. फ्रेमला वाळवी लागली असेल तर वरून मखमल लावून सोफा उभा राहत नाही, हे माझ्या दुकानात येणाऱ्या कोणालाही मी फुकट सांगते. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी पुन्हा लेफ्ट बॅक मागितला, मालकांनी आणखी दोन स्ट्रायकर आणले. आम्ही सगळे गोल डावीकडून खायचो.

मास्तरही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांनी मेहुण्याच्या मुलाला गोलकीपरचा ट्रेनर नेमले, ज्याला स्वतःला फेकलेली किल्ली झेलता येत नसे. खेळाडू दमून वाकले तरी बदलायचे नाहीत. पत्रकारांसमोर मालकांना टोमणे मारायचे, आणि ते मला तेव्हा आवडायचे. पण संघ कोणी निवडायचा या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, मास्तर धुतल्या तांदळाचे असोत वा नसोत.

आमच्याकडे एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी मास्तर स्वतः पूर्व स्टँडमध्ये येतात आणि फलकावर लावण्याआधी संघ बाकवाल्यांना तोंडी सांगतात. बाकवाल्यांनी ऐकायचे आणि एकच शब्द बोलायचा, "बरं." पटो न पटो. माझ्या वडिलांनी एकदा इतक्या रागाने "बरं" म्हटले होते की शेजारच्यांनी त्यांना पाणी दिले. पण म्हटले "बरं"च.

नवे मालक पहिल्या वर्षी आमच्यात येऊन बसले. मास्तरांनी संघ सांगितला. मालक म्हणाले, "नऊ नंबरला डावीकडे घ्या ना." मास्तरांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मालक, इथं फक्त 'बरं' म्हणायचं असतं." मालक हसले. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे माझ्या बाकावरून स्पष्ट दिसत होते, कारण माझा बाक त्यांच्या शेजारीच आहे.

पुढच्या हंगामातही मास्तर आले. चष्म्याविना कागद धरून एकेक नाव सांगू लागले. डाव्या विंगवर त्यांनी आमच्या 'डावखुऱ्या'चे नाव घेतले. आमच्याच गल्लीतला मुलगा, आमच्यातच वाढलेला. कोणीच "बरं" म्हणेना. शेवटी माझ्या पलीकडचे चष्मेवाले म्हणाले, "मास्तर, तो गेला. आत्ताच रेडिओवर सांगितलं." खरेदी-विक्रीची मुदत त्या दुपारी संपत होती आणि मालकांनी शेवटच्या घटकेला त्याला विकून टाकले होते. मास्तरांना कोणी कळवलेही नव्हते. मास्तरांनी खिशातून पेन काढले, नाव खोडले, तिथेच उभे राहून दुसरे लिहिले आणि ते आम्हाला वाचून दाखवले. आम्ही "बरं" म्हटले. एवढे जड "बरं" मी आयुष्यात म्हटले नाही.

त्याच हिवाळ्यात थोरल्याचा दुकानात फोन आला. थोरला मालकांच्या ऑफिसात आहे. क्लबची सगळी कागदपत्रे, बाकांच्या नोंदीसकट, त्याच्या टेबलावरून जातात.

"आई, मास्तरांच्या खोलीतला सोफा उसवून नवं कापड लावायचंय. करडं. शनिवारपर्यंत."

"मास्तरांना करडं आवडतं?"

"कापडाचा तागा पाठवतोय मी."

"मी काय विचारलं?"

मग म्हणाला, "आई, जो बसणार आहे त्याला आवडतं."

मी फोन ठेवला. तागा आल्यावर त्याचा एक तुकडा कापला आणि सरावाच्या मैदानावर गेले. मास्तर पोरांना पळवत होते. मी म्हटले, "मास्तर, सोफ्याला हे कापड चालेल का तुम्हाला?"

त्यांनी तुकडा बोटांत चोळून पाहिला. "मी तर काही सांगितलं नव्हतं."

"म्हणूनच विचारायला आले."

"कधीपर्यंत मागितलंय?"

"शनिवारपर्यंत."

"म्हणजे शनिवारचा सामना माझा," मास्तर म्हणाले, आणि तुकडा मला परत देऊन पुन्हा शिटी वाजवायला गेले. शनिवारी त्यांनी मोठ्या नावाच्या स्ट्रायकरला बाहेर बसवले आणि राखीव संघातल्या एका लेफ्ट बॅकला उतरवले. आपण जिंकलो. सामन्यानंतर त्यांच्या हातात कामावरून काढल्याचे पत्र पडले. पूर्व स्टँड त्या संध्याकाळी जागचा उठला नाही, रखवालदाराने दिवे मालवले तरी. सोफ्याचे काम मी घेतले नाही.

मालकांनी ऑफिसात चौकशी केली, बातमी कोणी फोडली. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या आईने. आणि तिला कापड मीच पाठवलं होतं." हे त्याने मला सांगितले नाही, चष्मेवाल्यांच्या पुतण्याकडून कळले. घरी आल्यावर त्याने माझ्याशी भांडण मात्र केले.

"माझी नोकरी गेली असती, आई!"

"गेली का?"

"नाही."

"मग जेवायला बस."

कलम ६. मालकांना माझ्या मिळकतीतून काहीही नाही. अपवाद तो करड्या कापडाचा तागा. एक तुकडा सोडून तो तसाच आहे. दुकानाच्या माळ्यावर आहे, त्यांनी माणूस पाठवून न्यावा.

आता करंड्या. हंगाम संपल्यावर सभा आहे. पूर्व स्टँड पाडायचा, मैदानाची जागा बिल्डरला द्यायची आणि क्लब हमरस्त्यावरच्या नव्या स्टेडियमात न्यायचा, असा मालकांचा ठराव आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ बाक क्लबला परत झाले. परत करणाऱ्यांची सोय मालकांनी चांगली लावली, कोणाच्या नातीला नोकरी, कोणाला दुकानाचा गाळा. आता त्यांचे घोडे एकाच बाकापाशी अडले आहे. तो बाक माझा. माझ्या ऑपरेशनची बातमी फुटल्यापासून दर आठवड्याला माझ्या दारात फळांची करंडी येते, वर चिठ्ठी, 'प्रकृतीस जपावे.' मी न लिहिता गेले तर बाक आपोआप त्यांचा. तेव्हा माझ्या प्रकृतीची त्यांना वाटणारी काळजी खरी आहे, फक्त ती कोणत्या बाजूने आहे ते मला ठाऊक आहे. फळे मी शेजारी वाटली. चांगली होती.

कलम ७. पूर्व स्टँडमधला माझा बाक आणि त्यामागचे मत.

हे देण्यासाठी माझ्यापुढे नात्यातली जी माणसे आहेत त्यांचा मी एकेक करून विचार केला आहे.

भाऊ. तो ठरावाच्या बाजूने हात वर करील, केवळ समोरच्या स्टँडमध्ये मी नाही हे बघायला मिळावे म्हणून.

धाकटी. ती दातांच्या कवळ्या करते आणि तिचा हात फार सुबक आहे, पण थोरल्याने एक दुपार समजावले तर "दादा म्हणतो ना, मग ठीक" म्हणून सही करील. जावईबापू शेवटी जो भेटेल त्याच्या मताचे असतात. गोड माणूस आहे, बाकाच्या कामाचा नाही.

थोरला. मागच्या रविवारी तो बाक परत करण्याचा कागदच घेऊन आला होता.

"आई, सही कर. स्टँड आज ना उद्या पडणारच. छत गळतंय, खांब फुगलेत. मुलींच्या संघाला कपडे बदलायला खोली नाही, त्या बसमध्ये बदलतात. नव्या स्टेडियमात लिफ्ट आहे. तुला जिना चढताना धाप लागते ती मला बघवत नाही."

"आणि मालक?"

"मालक वाईट नाहीत गं. घाईत आहेत."

"मास्तरांना घाईतच काढलं."

"तू मास्तरांचंच धरून बसलीस! त्यांना दुसरा क्लब मिळालासुद्धा."

त्याचे सगळेच खोटे होते असे नाही. मुलींच्या खोलीचे खरे आहे, आणि धापेचेही. पण स्टँड पाडला की बाक जातात, बाक गेले की मत जाते, आणि मग मालकांना "इथं फक्त 'बरं' म्हणायचं असतं" असे सांगणारे कोणी उरत नाही. पुढच्या मास्तरांनी संघ कोणाला सांगायचा, लिफ्टला? मी सही केली नाही. तो चहा न घेता गेला, आणि जिन्यात दिवा लावून गेला, कारण मला अंधारात उतरताना त्रास होतो.

उरली सूनबाई.

सूनबाई फुटबॉलची पंच आहे. शिटी वाजवते, झेंडा धरते, आणि तिचा कुठलाच संघ नाही, हे मला लग्न ठरताना मुद्दाम सांगितले गेले नव्हते. क्लबच्या वर्धापनदिनाच्या सामन्याला रेषेवरचा पंच आला नाही, म्हणून तिला प्रेक्षकांतून खाली बोलावले. बरोबरी होती, वेळ संपत आली होती, आमच्या पोराने चेंडू जाळ्यात मारला, सगळा पूर्व स्टँड उभा राहिला, आणि माझ्या सुनेने झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल रद्द. बाकावर माझ्या चहूबाजूंनी तिचा उद्धार चालला होता, कोणी "कुशनवालीची सून ना ही?" असेही म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. झेंडा धरलेला हात जराही हलला नाही.

तो ऑफसाइड नव्हता. हे माझे मत होते, आहे आणि या कागदान्वये माझ्या पश्चातही कायम राहील. पण नवऱ्याची नोकरी त्या क्लबात, सासू त्या स्टँडमध्ये, आणि या बाईने जे तिला दिसले तेच सांगितले. आमच्या घरात मालकांच्या करंडीला आणि माझ्या रागाला सारख्याच मापाने न घाबरणारी हीच एक.

परवा ती सामन्यावरून परस्पर माझ्याकडे आली होती. बुटांच्या नाड्या सोडत होती. मी म्हटले, "बाक तुला देणार आहे."

तिने वर पाहिले. "अट काय आहे, आई?"

"अट कसली? मालकांच्या कागदावर सही करायची नाही, एवढंच."

"मग नको. ह्यांनाच द्या."

"म्हणजे तू सही करणार?"

"ते मी तेव्हा बघून ठरवीन. ठराव वाचीन, नव्या जागेचा नकाशा बघीन, बाकवाल्यांचं मत तिथे राहतंय का ते विचारीन. मुलींना खोली आहे का तेही. निकाल तुम्ही आधीच लिहून देणार असाल तर मला तिथे कशाला बसवता? झेंडा तुमच्या हातात आणि रेषेवर उभी मी?"

"माझा बाक आहे तो. माझ्या वडिलांचा."

"म्हणूनच म्हटलं, अट घालायची तर मला नका देऊ."

मला तिचा इतका संताप आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. तिने स्वतः उठून दोन कप चहा केला आणि एक माझ्यापुढे ठेवला.

आज वकीलबाईंना मी अट सांगितली होती. त्यांनी ती पक्की करून टाइपही केली: 'सदर वारसाने सदर बाक क्लबला परत करू नये, तसेच स्टँड पाडण्याच्या कोणत्याही ठरावास संमती देऊ नये.' बाई म्हणाल्या, "आता कोणाच्या बापाला वाकवता येणार नाही." मी ती परत परत वाचून घेतली. प्रत्येक वेळी मला मालकांचा आवाज ऐकू आला. नऊ नंबरला डावीकडे घ्या ना. मास्तर नेमायचा आणि संघ आपण निवडायचा, यावरून मी त्या माणसाला एवढी वर्षे शिव्या घातल्या. इथे मालक मी आहे. आणि मेल्यावरही बाकावर बसून सुनेला कुठे पास द्यायचा ते सांगणार असेन, तर माझ्यात आणि त्यांच्यात फक्त करंडीचा फरक राहतो.

म्हणून अट काढून टाकली आहे. वकीलबाईंनी दोनदा विचारले, मी दोनदा "काढा" म्हटले. मला हे सोपे गेले नाही. स्टँड पडू नये असे मला मनापासून वाटते, आणि ती कदाचित सही करील या विचाराने माझ्या छातीत जे होते ते झडपेमुळे नाही. तरी बाक आणि त्यामागचे मत मी माझ्या सूनबाईला, पूर्ण आणि विनाअट, देत आहे. ती जे ठरवील त्याला माझे "बरं" मी आत्ताच म्हणून ठेवते.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी थोरल्याला नेमते.

वकीलबाईंचा याला सक्त विरोध आहे, तो त्यांच्या विनंतीवरून नोंदवते. त्यांचे म्हणणे, बाकाची नोंद ठरलेल्या मुदतीत वारसाच्या नावे झाली नाही तर बाक क्लबचा होतो, आणि ती नोंद ज्याच्या टेबलावर होते तो थोरलाच. त्याने कागद जरा दाबून ठेवला, दोन दिवस रजा घेतली, कुठे एक खूण करायची विसरला, की मालकांचे काम झाले, आणि कोर्टातही काही सिद्ध होणार नाही. "एखादा तिऱ्हाईत नेमा," बाई म्हणाल्या. "मुलाला कशाला कात्रीत पकडता?"

कात्रीत तो आहेच, मी पकडायची गरज नाही. कागद शेवटी त्याच्याच हातात जाणार. मग तो त्याच्या हातात मी द्यावा हे बरे. तिऱ्हाईत नेमला तर त्याचा अर्थ असा होईल की पोटच्या मुलावर माझा भरवसा नव्हता, आणि तो अर्थ खोटा आहे. मालकांच्या बाजूने तो माझ्याशी तास न् तास भांडला आहे. माझ्याशी कधी खोटे बोललेला नाही. सोफ्याच्या वेळीसुद्धा "जो बसणार आहे त्याला" म्हणाला, दुसरे काही रचून सांगता आले असते. त्याने मालकांच्या ऑफिसात जावे, स्वतःच्या बायकोचे नाव माझ्या बाकापुढे लिहावे, आणि मग सभेत पाहिजे तर तिच्या विरोधात बोलावे. घरी दोघांनी भांडावे. ह्यांनी आणि मी भांडून संसार केला, वाईट झाला नाही.

हा कागद सही होण्याआधी त्याने वाचावा, अशी माझी इच्छा आहे. तो खाली दुकानात बसला आहे. वकीलबाई त्याला बोलावत आहेत.

वर लिहिलेले सगळे मी सांगितले, मला वाचून दाखवले, आणि ते मी म्हटले तसेच आहे. खोडलेल्या अटीच्या जागी कोणी पुन्हा काही लिहू नये म्हणून तिथे आडवी रेघ मारून मी सही केली आहे.

सही: कुशनवाली (अंगठा नाही, सही. वाचता येते.)

आमच्यासमोर आणि एकमेकांसमोर सही झाली:
साक्षीदार: चष्मेवाले, बाकावरचे शेजारी
साक्षीदार: डॉक्टरीणबाई. शुद्धीत असल्याबद्दल वेगळा दाखला जोडला आहे. रक्तदाब सातव्या कलमानंतर पुन्हा मोजला.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, दुपारी

अंमलबजावणी करणाऱ्याची संमती (हाताने लिहिलेली):

मी हा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. सातव्या कलमाशी मी सहमत नाही. स्टँड पडावा असेच माझे मत आहे आणि सभेत मी तसेच बोलेन. नोंद मी करीन. ज्या दिवशी कागद टेबलावर येईल त्याच दिवशी करीन. तो दिवस लवकर येऊ नये. सोमवारनंतर आईशी या विषयावर पुन्हा भांडायचे आहे.

सही: मुलगा